हृदयाच्या एका औषधाविषयीं

(धर्मग्रामाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त भरलेल्या आरोग्यसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या ह्या सप्ताहांत आम्हांस एक दिवस बोलावयास सांगण्यांत आलें, तेव्हां पुष्कळांची अपेक्षा अशी होती कीं, आम्ही आपल्या ख्रिस्तमंदिराच्या इतिहासाविषयीं बोलूं. तो इतिहास ह्याच पुस्तिकेंत अन्यत्र छापला आहे, आणि आमच्याहून जाणत्या हातांनीं लिहिलेला आहे. आम्हीं निवडलेला विषय फार लहान आहे. तो औषधाच्या एका गोळीएवढा आहे. आम्ही वैद्य नव्हों, व वैद्यकी सांगण्याचा आमचा अधिकारहि नाहीं. परंतु आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद घेऊन जातांना त्यांच्या उशाशीं बिस्किटांचे जुने पत्र्याचे डबे आम्ही नेहमीं पाहतों, आणि त्या डब्यांत एकमेकांशीं कधींहि ओळख न झालेलीं अशीं पांच-सात औषधें एकत्र नांदत असतात. एक अकोल्याच्या हृदयरोगतज्ज्ञांनीं दिलेलें, दुसरें अमरावतीच्या मधुमेहाच्या डॉक्टरांनीं, तिसरें नेत्रशिबिरांत मिळालेलें, चौथें गांवच्या दुकानांतून सांधेदुखीसाठीं आणलेलें. प्रत्येक देणारा जाणता असतो. पण डबा मात्र कोणीच पाहिलेला नसतो.

ह्या डब्यांत बहुधा एक गोळी अशी असते कीं, जिच्या नांवाच्या शेवटीं ‘लॉल’ हीं अक्षरें येतात. प्रोप्रानोलॉल, अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, कार्वेडिलॉल, नेबिवोलॉल, अशीं हीं भावंडें आहेत. (तापावरची पॅरासिटामॉल ह्या कुळांतली नव्हे, तिच्या शेवटीं ‘मॉल’ आहे, हें म्हातारीकोतारीं माणसें लक्षांत ठेवतील तर बरें.) ह्या कुळास बीटा ब्लॉकर असें म्हणतात.

आपण भ्यालों, धांवलों किंवा रागावलों म्हणजे शरीरांत अॅड्रिनॅलिन नांवाचा रस सुटतो व छाती धडधडूं लागते. हा एकच रस शरीरांत ठिकठिकाणीं निरनिराळें काम कसें करतो, हें कोडें पुष्कळ वर्षें उलगडलें नव्हतें. १९४८ साली अमेरिकेंतील अॅल्क्विस्ट ह्या संशोधकांनीं असें मांडलें कीं, ह्या रसास आंत शिरावयास दोन प्रकारचीं द्वारें आहेत, अल्फा व बीटा. अल्फा द्वारांतून तो शिरला म्हणजे रक्तवाहिन्या आंवळतात. बीटा द्वारांतून शिरला म्हणजे हृदय जलद चालतें, श्वासनलिका मोकळ्या होतात व कांहीं रक्तवाहिन्या सैल पडतात. पुढें स्कॉटलंडचे जेम्स ब्लॅक ह्यांनीं बीटा द्वारावर अडसर घालणारें औषध शोधिलें. १९६४ पासून प्रोप्रानोलॉल जगास ठाऊक झालें, आणि ब्लॅक ह्यांना १९८८ सालचें नोबेल पारितोषिक मिळालें. छातींतील कळ, वाढलेला रक्तदाब, अनियमित ठोके, अर्धशिशी, वाढलेल्या थायरॉइडची धडधड, हातांचा कंप, ह्या इतक्या विकारांवर हें एकच कुळ चालतें. त्यामुळेंच तें इतक्या घरांत पोंचलें आहे.

पण बीटा द्वारें एकट्या हृदयांत नाहींत, हीच ह्या विषयाची मेख आहे. अडसर हृदयासाठीं म्हणून घातला, तरी तो कमीअधिक प्रमाणांत फुप्फुसांत, यकृतांत आणि हातापायांच्या रक्तवाहिन्यांतहि पडतो. त्या जागीं दुसरा कोणता आजार किंवा दुसरें कोणतें औषध आधींच बसलें आहे, ह्यावर हित होणार कीं अहित, हें ठरतें.

ह्याचें फार बोलकें उदाहरण महाराष्ट्रांतच घडलें आहे. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळ जालना जिल्ह्याचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडाच्या शेजारचे. त्यांचें वैद्यकीय शिक्षण नागपुरास झालें. १९७० नंतरच्या दशकांत ते कोंकणांत महाडजवळ बिरवाडीच्या आरोग्यकेंद्रांत गेले, तेव्हां तेथें लाल विंचवाच्या दंशानें लेंकरें पटापट दगावत असत. विंचवाचें विष शरीरांतील अॅड्रिनॅलिनचे जणूं बांध फोडतें. छाती धडधडते, रक्तदाब चढतो, मग हृदय थकतें व फुप्फुसांत पाणी भरतें. धडधड दिसली कीं बीटा ब्लॉकर द्यावा, हा विचार कोणाहि डॉक्टरास सुचण्यासारखा होता. परंतु बीटा द्वार बंद केलें म्हणजे तो सगळा पूर अल्फा द्वारानेंच शिरतो. रक्तवाहिन्या अधिकच आंवळतात, आणि आंवळलेल्या नळ्यांत रक्त ढकलण्याचें बळ जें हृदयास हवें असतें, तें मात्र आपणच काढून घेतलेलें असतें. डॉ. बावस्कर ह्यांनीं रुग्णांच्या उशाशीं रात्रंदिवस बसून हें पाहिलें, आणि अल्फा द्वार बंद करणारें प्रॅझोसिन हें औषध वापरिलें. १९८२ पासून ‘लॅन्सेट’ ह्या विलायती नियतकालिकांत त्यांचे ह्या दंशाविषयींचे लेख येऊं लागले. विंचुदंशाचे मृत्यु झपाट्यानें उतरले. २०२२ सालीं त्यांना पद्मश्री मिळाली. शेतांत विंचू चावलेल्या मनुष्यास दवाखान्यांत नेतांना तो आधींपासून ‘लॉल’ गोळी घेत आहे किंवा नाहीं, हें पहिल्याच वाक्यांत सांगावें, असें आम्ही ह्यावरून समजतों. मधमाशीच्या दंशानें किंवा इंजेक्शननें अंगावर येऊन श्वास अडकतो, तेथेंहि तसेंच. कारण तेव्हां प्राण वांचविणारें अॅड्रिनॅलिनचें इंजेक्शन ह्या रुग्णांत पुरेसें लागू पडत नाहीं, व डॉक्टरांना दुसरी तजवीज ठेवावी लागते.

आतां दम्याकडे वळूं. दमेकऱ्याचा जो फवारा असतो, साल्ब्युटामॉलचा, तो बीटा द्वारानेंच श्वासनलिका उघडतो. म्हणजे एका हातानें दार उघडावयाचें आणि दुसऱ्या हातानें त्याच दारास अडसर लावावयाचा, असा प्रकार होतो. प्रोप्रानोलॉल तर दमेकऱ्यांस निषिद्धच आहे. मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल हीं मुख्यतः हृदयाचेंच द्वार निवडणारीं असल्यामुळें क्वचित् डॉक्टर तीं जपून देतात. पण तो निर्णय त्यांचा, शेजाऱ्याचा नव्हे. हें पुष्कळांस ठाऊक असतें. ठाऊक नसतें तें असें कीं, काचबिंदूवर डोळ्यांत घालावयाचे टिमोलॉलचे थेंब हेंहि बीटा ब्लॉकरच आहेत. डोळ्यांतला थेंब नाकांत उतरतो, नाकांतून रक्तांत जातो, आणि पोटांतल्या गोळीप्रमाणें तो यकृताच्या चाळणींतून आधीं जात नाहीं. आमच्या परिचयाच्या एका वृद्ध माउलीचा दमा तीन आठवडे वाढतच गेला. फवारा दुप्पट झाला, गोळ्या बदलल्या, घर बदलून पाहिलें, मांजर घालविलें. शेवटीं एका तरुण डॉक्टरांनीं “घरांत औषध म्हणून जें जें आहे तें सर्व आणा,” असें सांगितलें, तेव्हां ती इवलीशी कुपी बाहेर आली. थेंब हें औषध असतें, असें त्यांना वाटलेंच नव्हतें. नेत्रतज्ज्ञांनीं दुसरे थेंब दिले व दमा पूर्ववत् आटोक्यांत आला. ज्यांना टिमोलॉल चालतें, त्यांनींहि थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाकडील कोपरा एक-दोन मिनिटें बोटानें दाबून धरावा. त्यामुळें अंगांत जाणारें औषध पुष्कळ कमी होतें.

मधुमेहाचें प्रकरण ह्याहून आडवळणाचें आहे. इन्सुलिननें किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड ह्यांसारख्या गोळ्यांनीं रक्तांतील साखर फार उतरली म्हणजे हात थरथरतात, छाती धडधडते, आणि मनुष्य सावध होऊन कांहीं खातो. बीटा ब्लॉकर ही थरथर व धडधड झांकून टाकतो. शिवाय यकृतांतून साखर सुटण्यासहि, विशेषतः जुन्या गोळ्यांनीं, आडकाठी होते. एक खूण मात्र तो झांकीत नाहीं, ती म्हणजे घाम. हें आम्ही मुद्दाम सांगतों, कारण आमच्या एका सेवानिवृत्त शिक्षकांनीं भस्मबुधवारीं कडक उपवास केला, नेहमींच्या गोळ्या मात्र सकाळीं घेतल्या. दुपारीं ते घामानें डबडबले व असंबद्ध बोलूं लागले. थरथर नाहीं, नाडी शांत. लोकांनीं ऊन लागलें समजून पंखा लाविला. त्यांची नात परिचारिकेचें शिक्षण घेत होती. तिनें साखरेचें पाणी पाजलें आणि ते शुद्धीवर आले. प्रभुसभेचा नियम येथें आम्ही अधिकारानें सांगूं शकतों: उपवासाचें बंधन साठाव्या वर्षांत पदार्पण करीपर्यंतच आहे, आणि आजाऱ्यावर तें मुळींच नाहीं. गुरुजी तेव्हां सदुसष्ट वर्षांचे होते. एकादशी, रोजे किंवा नवरात्र पाळणाऱ्या आपल्या शेजाऱ्यांसहि हें सांगावयास हरकत नाहीं.

कांहीं औषधें ह्या गोळीशीं एकाच दिशेनें ओढतात, आणि तेंच घातक ठरतें. व्हेरापमिल व डिल्टियाझेम हीं हृदयाचा वेग उतरविणारीं आहेत. बीटा ब्लॉकरबरोबर पडलीं तर नाडी इतकी मंद होऊं शकते कीं मनुष्य भोंवळ येऊन पडतो. डिजॉक्सिनचेंहि तसेंच, तीं दोन्हीं एकत्र देतात, परंतु डॉक्टरांच्या नजरेखालीं. रक्तदाबावरील अम्लोडिपिन हें व्हेरापमिलच्याच मोठ्या कुळांतलें असलें तरी हृदयाचा वेग तें उतरवीत नाहीं, म्हणून ती जोडी सहसा निर्धोक असते. नांवाचें कूळ एक म्हणून गुण एक, असें समजूं नये, हें माणसांप्रमाणेंच औषधांनाहि लागू आहे. क्लोनिडिन घेणाऱ्यांनीं विशेष जपावें: दोन्हीं औषधें चालू असतां क्लोनिडिन आधीं बंद केलें, तर रक्तदाब उसळी मारतो, आधीं बीटा ब्लॉकर हळूहळू काढावयाचा, मग दुसरें.

ह्याच ओघांत फवारणीचा विषय येतो. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या पावसाळ्याअखेर कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन शेंकडों शेतकरी व मजूर रुग्णालयांत गेले आणि वीसएक जण दगावले. कीटकनाशकांच्या ज्या जातीस ऑर्गॅनोफॉस्फेट म्हणतात, ती जातहि नाडी मंद करते. ज्याची नाडी गोळीनें आधींच उतरलेली आहे, त्यानें फवाऱ्याचा पंप पाठीवर घेऊंच नये, हें आमचें मत आहे. आणि विषबाधा झालीच तर बरोबरच्या मंडळींनीं फवाऱ्याच्या डब्याबरोबर गोळीचें पाकीटहि डॉक्टरांपुढें ठेवावें.

दुकानांतून चिठ्ठीशिवाय येणाऱ्या औषधांविषयीं थोडकें. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ह्या दुखण्यावरील गोळ्या रोज घेतल्या तर रक्तदाब पुनः चढतो, आणि मग हृदयाची गोळीच निकामी आहे असा आळ तिच्यावर येतो. सर्दीच्या गोळ्यांत नाक मोकळें करणारें फेनिलेफ्रिन असतें, तें रक्तवाहिन्या आंवळतें. दांत काढतांना बधिरतेच्या इंजेक्शनांत थोडें अॅड्रिनॅलिन मिसळलेलें असतें. प्रोप्रानोलॉल घेणाऱ्यानें दंतवैद्यास तसें सांगावें. खोकल्यासाठीं ज्येष्ठमध महिनेन् महिने चघळणाऱ्यांनींहि रक्तदाब मोजून घ्यावा. झाडपाल्याचें म्हणून तें निरुपद्रवी, ही समजूत खरी नाहीं.

क्षयाच्या रुग्णांस रिफॅम्पिसिन सहा-सहा महिने घ्यावें लागतें. तें यकृताची भट्टी अशी पेटवितें कीं प्रोप्रानोलॉल, मेटोप्रोलॉल लौकर जळून जातात व त्यांचा प्रभाव उणावतो. उपचार संपून भट्टी थंडावली म्हणजे तीच मात्रा जास्त होऊं लागते. दोन्हीं वेळीं डॉक्टरांस दाखविलें पाहिजे. ह्याच्या उलट फ्लुओक्सेटिन, पॅरोक्सेटिन ह्या मनाच्या उदासीनतेवरील गोळ्या मेटोप्रोलॉलचा निचराच अडवितात, आणि तें अंगांत सांचत जातें. अडचण अशी कीं, उदासीनतेची गोळी मनुष्य घरच्यांपासूनहि लपवितो. आमच्यापाशीं काय सांगावयाचें तें निराळें आहे. डॉक्टरांपाशीं मात्र कोणतीहि गोळी लपवूं नये, मग ती कोणत्याहि दुखण्यासाठीं असो. अटेनोलॉल यकृतांतून नव्हे तर मूत्रपिंडांतून बाहेर पडतें, म्हणून मूत्रपिंडें थकलेल्यांस त्याची मात्रा कमी लागते.

वऱ्हाडच्या उन्हाळ्याविषयीं बोललों नाहीं तर हें भाषण दुसऱ्या कोणत्या तरी प्रांताचें ठरेल. मे २०२४ मध्यें अकोल्यास पारा ४५ अंशांच्या वर गेला व जिल्हाधिकाऱ्यांना १४४ कलम लावावें लागलें, हें आपण सर्वांनीं पाहिलें. उन्हांत शरीर थंड राहतें तें हृदयानें जलद चालून कातडीकडे रक्त पाठविल्यामुळें. बीटा ब्लॉकर नेमका ह्यालाच लगाम घालतो, आणि जोडीस लघवी वाढविणारी गोळी असली तर शरीरांतील पाणीहि उणें होतें. अशा वृद्धांनीं चैत्र-वैशाखांत दुपारीं बाहेर पडूं नये, पाणी पीत राहावें, (ज्यांना डॉक्टरांनीं पाणी मोजून दिलें आहे त्यांनीं त्यांना विचारून), आणि बसल्याचें एकदम उठूं नये.

संत्र्यांविषयीं आम्हांस हटकून विचारलें जातें, कारण वरुड-मोर्शीकडील नातलग हंगामांत पोतीं पाठवितात. फिनलंडांत २००५ सालीं असें आढळलें कीं, दिवसांतून तीनदां संत्र्याचा रस प्यालेल्या लोकांच्या अंगीं अटेनोलॉल सुमारें ४० टक्के कमी लागलें. त्यांचें संत्रें व आपलें नागपुरी संत्रें ह्यांची जात एक नव्हे. तरी गोळी रसाबरोबर घेण्याचें कारणच काय? ती पाण्याबरोबर घ्यावी, व संत्रें दुपारीं खुशाल खावें.

एवढें सारें ऐकून कोणी घरीं जाऊन गोळी फेंकून देईल, ही आम्हांस सर्वांत मोठी धास्ती वाटते. म्हणून सांगतों कीं, एकाएकीं बंद केल्यानें जें होतें तें वरील सर्वांहून वाईट असूं शकतें. अडसर असेपर्यंत शरीर अधिकाधिक द्वारें उभारीत असतें. अडसर एकदम निघाला म्हणजे तीं सर्व एकाच वेळीं उघडतात. छातींत कळ येते, क्वचित् हृदयविकाराचा झटकाहि येतो. आमच्या एका बांधवांच्या गोळ्या कापूस वेंचणीच्या गर्दींत संपल्या. दुकान दूर, मजुरी बुडेल, आणि बरें तर वाटत होतें. दहाव्या दिवशीं आम्हीं त्यांचा दफनविधि केला. गोळी सोडल्यानेंच तें झालें असें कोणी शपथेवर सांगूं शकणार नाहीं. पण त्यांच्या पत्नी आम्हांस तोच प्रश्न अजून विचारतात. गोळी थांबवावयाचीच असेल तर डॉक्टर ती एक-दोन आठवड्यांत पायरीपायरीनें उतरवितात. प्रवासास निघतांना चार दिवसांच्या जादा गोळ्या घ्याव्या. आणि जी गोळी दिवसभर हळूहळू सुटावी म्हणून केलेली असते, ती कुटून किंवा चावून खाऊं नये.

शिवाय निषिद्ध काय व विहित काय, हें ह्या औषधाच्या बाबतींत बदललेलेंहि आहे. हृदय अशक्त झालेल्यांस हें कधींहि देऊं नये, असें जुने डॉक्टर सांगत, आणि तें तेव्हांच्या ज्ञानास धरून होतें. १९७५ च्या सुमारास स्वीडनमध्यें गोथेनबर्गच्या डॉक्टरांनीं तें धाडस प्रथम केलें. १९९९ सालीं दोन मोठ्या चाचण्यांतून सिद्ध झालें कीं, अगदीं लहान मात्रेपासून चढवीत नेल्यास बिसोप्रोलॉल व मेटोप्रोलॉल अशा रुग्णांचें आयुष्य वाढवितात. यकृत बिघडून अन्ननलिकेच्या शिरा फुगलेल्यांस रक्तस्राव टळावा म्हणून प्रोप्रानोलॉल देतात. गरोदर स्त्रियांच्या रक्तदाबावर लॅबेटालॉल चालतें, अटेनोलॉल टाळतात. तेव्हां वीस वर्षांपूर्वींची चिठ्ठी दाखवून आजच्या डॉक्टरांशीं वाद घालण्यांत अर्थ नाहीं.

पुढील दोन रविवारीं मिस्सानंतर सभागृहांत एक टेबल मांडलेलें असेल. आपल्या दवाखान्यांतील सिस्टर तेथें बसतील. घरांतील डबा जसाच्या तसा घेऊन यावें. गोळ्या, फवारे, काढे, मलम, आणि डोळ्यांचे थेंबहि. सिस्टर एका जाड कागदावर सर्वांचीं नांवें व मात्रा लिहून देतील, दमा, मधुमेह, मूत्रपिंड असें जें असेल तें वरच्या ओळींत तांबड्या शाईनें, आणि त्याची एक प्रत घरच्यांसाठीं. अमरावतीचें इर्विन असो कीं अकोल्याचें सर्वोपचार, कोठेंहि गेलांत तरी तो कागद आधीं पुढें करावा. ज्यांना चालवत नाहीं त्यांच्या घरीं आम्ही शुक्रवारीं येतोंच. तेव्हां डबा उशाशीं काढून ठेवावा.